या पत्त्यावरील सर्व खाती

त्या मंगळवारी दुपारी मी एवढंच ठरवलं होतं, की आपण फक्त बघायचं. खेळायचं नाही.

माझ्या डायरीत तसं लिहिलेलंही आहे. 'मंगळवार. दुपारी १.१०. पंपहाऊसच्या ऑपरेटरने मोबाइलवर चक्राचा खेळ दाखवला. फक्त बघितला.' 'फक्त'च्या खाली रेघ आहे, पट्टी लावून मारलेली. (रेघ मी नेहमी पट्टी लावूनच मारतो. हाताने मारलेली रेघ म्हणजे मन थाऱ्यावर नसल्याची खूण. पुढच्या पानांवर अशा रेघा भरपूर आहेत.)

डायरी मी बावीस वर्षं लिहितो आहे. कशी लिहावी हे कुणी शिकवलं नाही, त्यामुळे काय गाळावं हेही कुणी सांगितलं नाही. गॅसचा सिलिंडर कधी लावला, चपलेचा पट्टा कधी तुटला, बायको किती वाजता रुसली आणि किती वाजता हसली, सगळं तारीखवार नोंदलेलं आहे. मुलगी परिचारिकेचं शिक्षण घ्यायला लागली तेव्हा तिने मला नाडी मोजायला शिकवली. तेव्हापासून महत्त्वाच्या प्रसंगापुढे मी कंसात नाडीही लिहितो.

नोकरीही स्वभावाला साजेशीच मिळाली. पाणीपुरवठा खात्यात मी घरोघरचे मीटर वाचतो आणि गळती शोधतो. पद्धत साधी आहे. घरातले सगळे नळ बंद करायला सांगायचे आणि मीटरपाशी उकिडवं बसायचं. नळ बंद असूनही मीटरमधलं ते लहानसं तांबडं चाक फिरत असेल, तर समजायचं, आत कुठेतरी गळतंय. घरवाले शपथेवर सांगतात, "आमच्याकडे गळती नाहीच हो!" मी नुसतं चाकाकडे बोट दाखवतो. त्या क्षणी समोरच्या माणसाचा चेहरा जो पडतो, तो बघण्यात (खोटं कशाला बोलू?) मला थोडं समाधान वाटत आलेलं आहे.

या लौकिकामुळेच बायको तिच्या शिवणकामाचे पैसे माझ्याकडे ठेवायला देते. "तुमच्याकडे गळत नाही," असं ती म्हणायची. म्हणायची, म्हणतो आहे मी. लक्षात घ्या.

तर बुधवारी मी त्या चक्राच्या खेळात खातं उघडलं. खेळायला नव्हे, नियम वाचायला. खातं उघडल्याशिवाय नियम वाचता येत नव्हते, याला मी काय करणार? आणि नियम एवढे मन लावून वाचल्यावर, ते बरोबर चालतात की नाही हे एकदा तपासून बघणं ओघानेच आलं. तपासलं. मी एका फेरीत चहाच्या पैशांएवढे जिंकलो. (नाडी ९४.)

गुरुवारी माझ्या लक्षात आलं, की ज्या माणसांचा ताबा सुटतो, ती माणसं बेशिस्त असतात. आपल्याला शिस्त आहे. मग मी डायरीच्या शेवटच्या पानावर सात नियम लिहून काढले. रोज वीसच मिनिटं, तीही टायमर लावून. एका फेरीला चहाच्या पैशांहून जास्त लावायचे नाहीत. हरलो की त्या दिवसापुरतं बंद. घरातल्या पैशांना हात लावायचा नाही. बाकीचे तीन नियम हे आधीचे चार कसे पाळायचे, याबद्दल होते. खाली तारीख टाकून सही केली. सही केल्यावर इतकं मोकळं वाटलं, की लगेच वीस मिनिटं खेळलो.

नियम चांगलेच होते. फक्त व्यवहारात आणताना त्यांत किरकोळ दुरुस्त्या कराव्या लागल्या. उदाहरणार्थ, 'नियम तिसरा (सुधारित) : हरल्यास त्या दिवशी पुन्हा खेळू नये. मात्र काटा एका घराने चुकला असल्यास ती हार धरू नये.' किंवा, 'नियम पहिला (दुसरी सुधारणा) : चक्र फिरत असतानाचा वेळ वीस मिनिटांत धरू नये, कारण त्या वेळात खेळणारा काहीच करत नसतो.' या दुसऱ्या सुधारणेमुळे वीस मिनिटांत साधारण पावणेदोन तास बसू लागले.

टायमर स्वयंपाकघरातला होता. प्लॅस्टिकची पिवळी कोंबडी. मान पिळून वेळ लावायची, आणि वेळ भरली की ती घसा फोडून ओरडते. घरात एकांत असा फक्त बाथरूममध्ये. तेव्हा सकाळी टॉवेलात गुंडाळून मी कोंबडी आत न्यायला लागलो.

आमच्याकडे माझे सासरे राहतात. त्यांना सगळे नाना म्हणतात. शाळेत चौतीस वर्षं कवायत शिकवली. निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यातून उतरलेली नाही. आठवड्याभरात त्यांनी बाथरूमच्या दारावर थाप मारली.

"जावईबापू! आत कोंबडी शिरलीय का?"

"नाही नाना, टायमर आहे."

"आंघोळीला टायमर?"

"पाणी वाचवतोय. खात्याचं धोरण आहे."

"तासभर नळाचा आवाज नाही. भलतंच वाचवताय!"

"साबण लावतोय, नाना."

"तासभर? हत्ती घेऊन गेलात की काय आत?"

बाहेर आलो तेव्हा मी कोरडाठाक होतो. नानांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. स्वतःच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. मला वाटलं, रागावले. ते दार का लावून घेतात, असा प्रश्न मला, गळती शोधणाऱ्या माणसाला, पडायला हवा होता. पडला नाही.

आता ते पैशांचं सांगतो. सांगायला जड जातं, पण डायरीत आहे ते आहे.

बायकोचं शिवणाचं मशीन जुनं झालं होतं. मोटर अर्ध्या तासात तापायची आणि धूर सोडून बंद पडायची. त्यातच तिला शाळेच्या एकशे साठ गणवेशांचं काम मिळालं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. नव्या मशीनसाठी तिने दीड वर्ष पैसे साठवले होते, आणि ते माझ्या ताब्यात होते. तिसऱ्या आठवड्यात, 'नियम चौथा (सुधारित) : संध्याकाळपर्यंत परत ठेवायचे असल्यास हात लावला असे धरू नये,' या सुधारणेखाली मी त्यातले थोडे घेतले. संध्याकाळी ते परत आणायला आणखी थोडे घ्यावे लागले. ते आणायला आणखी थोडे. चक्र दर वेळी माझ्या घराच्या अगदी शेजारी येऊन थांबायचं. शेजारधर्म म्हणून तरी एकदा यावं ना?

एका बुधवारी मी शिल्लक बघितली आणि खुर्चीतच बसून राहिलो. (नाडी ११२.)

त्याच संध्याकाळी घरी आलो तर बायको जमिनीवर गुडघे टेकून बसलेली. हातात शिवणाचा निळा खडू, गळ्यात टेप. खिडकीखाली तिने खडूने एक नेटका चौकोन आखला होता.

"अहो, दुकानवाल्याचा फोन आला होता. शनिवारी मशीन आणून देतो म्हणाला. पैसे तेव्हाच द्यायचे. हे बघा, इथे बसणार ते. उजेड डावीकडून येतो." तिने मान तिरकी करून चौकोनाकडे बघितलं. "रेघेवर पाय देऊ नका हं, पुसेल."

मी चौकोनाला वळसा घालून गेलो. हात धुवायला जाताना वळसा, पाणी प्यायला जाताना वळसा, येताना वळसा. आमची खोली बारा फुटी आहे. त्या संध्याकाळी ती ओलांडायला मला कसं जड गेलं, ते माझं मला माहीत.

गुरुवारी दुपारी मीटरच्या गोदामात बसून मी ठरवलं : बस्स. त्या खेळाच्या कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरांत 'स्वतःला थांबवा' असं लिहिलेलं असतं. इतके दिवस मला वाटायचं, हे इतरांसाठी असेल. त्यावर बोट ठेवलं तर एक अर्ज उघडला. अर्ज बघितल्यावर मला जरा बरं वाटलं. अर्ज भरण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मुदत किती? आठवडा, महिना, पाच वर्षं. मी पाच वर्षं निवडली.

काय बंद करायचं? 'फक्त हे खाते' किंवा 'या पत्त्यावरील सर्व खाती'.

इथे माझी नोकरी आडवी आली. खात्यात वीस वर्षं मी नव्या लोकांना एकच गोष्ट शिकवतो आहे : गळती थांबवायची असेल तर नुसता नळ बंद करायचा नाही, रस्त्यावरचा मेन बंद करायचा. नळ पुन्हा उघडता येतो. उद्या मीच दुसऱ्या नंबरावरून दुसरं खातं उघडलं तर? मी सराईत हाताने दुसऱ्या चौकटीत खूण केली. या पत्त्यावरील सर्व खाती. या पत्त्यावर खातं असून असून असणार कुणाचं? माझंच.

शेवटी 'कारण लिहा, पाचशे अक्षरांत'. मी आधी डायरीत कच्चं लिहिलं, खाडाखोड केली, अक्षरं मोजली आणि मग पक्कं उतरवलं. चौकटीखाली फिकट रंगात काहीतरी बारीक छापलेलं होतं. ते मी वाचलं नाही. लोकांच्या घरची बारीक अक्षरं वाचण्यात माझा जन्म गेला, आणि हे एक वाक्य मी वाचलं नाही. अर्ज पाठवला. डायरीत लिहिलं, 'दुपारी २.०५. मेन बंद.' पट्टी लावून रेघ मारली. (नाडी ७८.) आता फक्त बायकोला सांगायचं उरलं होतं, आणि त्याला शनिवारपर्यंत अवकाश होता.

घरी आलो तर बायको इस्त्री करत होती. शिवलेल्या कॉलरींचा ढीग एका बाजूला, मोबाइल दुसऱ्या बाजूला.

"अहो, इंटरनेट आहे ना चालू?"

"आहे की. का?"

"माझा फोन कसातरीच करतोय."

"कसा?"

"असाच. उघडत नाही."

"काय उघडत नाही?"

"ते हे... डिझाइनचं."

"कसलं डिझाइन?"

"कॉलरचं! कॉलरला डिझाइन नसतं का?"

शाळेच्या गणवेशाच्या कॉलरला कसलं डिझाइन, असं मी विचारणार होतो, तेवढ्यात नाना खोलीतून बाहेर आले. मी त्यांना दिलेला माझा जुना मोबाइल त्यांनी छातीशी उलटा धरला होता.

"जावईबापू, तुमच्या या डबड्याला काय झालंय? कवायतीचे व्हिडिओ लागत नाहीत."

"बघू."

"बघायचं नाही. दुरुस्त करायचं."

"न बघता कसं करू, नाना?"

"डॉक्टर काय प्रत्येकाचं पोट फाडून औषध देतो?"

मी इंटरनेटचा डबा बंद करून चालू केला. पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. दर वेळी दोघं आपापल्या मोबाइलवर डोकवायची, उसासा टाकायची आणि मोबाइल पालथा घालायची. माझ्या डोक्यात अजूनही काही प्रकाश पडला नव्हता. मी नळ बंद करून मीटरपाशी बसलेलो होतो, चाक डोळ्यांसमोर गरगरत होतं, आणि मी म्हणत होतो, आमच्याकडे गळती नाहीच.

शेवटी नाना वैतागले. "हे बघा, इथे काहीतरी मुंग्यांएवढ्या अक्षरांत लिहिलंय. माझा चष्मा सापडत नाही. मोठ्याने वाचा." मोबाइल माझ्यासमोर धरून त्यांनी वरचा अर्धा पडदा अंगठ्याने झाकला.

मी बिल वाचून दाखवतो त्या आवाजात वाचायला लागलो. "आपल्या पत्त्यावरील एका सदस्याच्या विनंतीवरून या घरातील सर्व खाती पाच वर्षांसाठी बंद करण्यात आली आहेत."

वाक्य आधी तोंडातून बाहेर पडलं, मग डोक्यात शिरलं. मी नानांचा अंगठा बाजूला केला. खाली चक्र होतं. तेच. तांबडं-पिवळं.

"नाना!" मी ओरडलो. "तुम्ही?"

"हळू बोला. ती ऐकेल."

ती ऐकून झाली होती. इस्त्री होती तिथेच टाकून ती पुढे आली. "सगळी बंद? पाच वर्षं? म्हणजे माझंसुद्धा..." आणि तिने जीभ चावली.

मी मटकन खाली बसलो. (नाडी मोजण्याची शुद्ध नव्हती.) ज्या माणसाच्या शिट्टीवर अख्खी शाळा थांबायची, तो माणूस दार लावून चक्र फिरवत होता. जी बाई दोऱ्याचा तुकडासुद्धा फेकत नाही, ती कॉलरीच्या ढिगाआड डाव मांडत होती. एका छपराखाली तीन गळत्या! आणि मी बावीस वर्षं...

मग माझ्यात काय संचारलं कोण जाणे. माणसाचं स्वतःचं पितळ उघडं पडायला दोन मिनिटं उरलेली असली, की त्याला उपदेशाची उबळ येते. मी उठून उभा राहिलो.

"या घरात!" मी म्हणालो. "माझ्या नाकासमोर! काही ताबा म्हणून असतो की नाही माणसाचा? मी दिवसभर लोकांच्या दारात गळती शोधत फिरतो, आणि माझ्याच घरात..."

"ते राहू दे," बायको म्हणाली. "बंद कुणी केलं?"

मी इंटरनेटच्या डब्याची वायर सारखी करायला लागलो.

"एका सदस्याने," नाना म्हणाले. "कोण हा सदस्य? खाली लिहिलं असेल. वाचा पुढे."

मी पुढे बघितलं. 'सदस्याने दिलेले कारण,' असं लिहिलं होतं, आणि त्याखाली माझं गद्य. शब्दन् शब्द. चौकटीखाली फिकट अक्षरांत काय छापलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

"मी एक शिस्तप्रिय..." एवढं वाचून मी खोकलो.

"थांबलात का? कवायतीत मध्येच थांबायचं नसतं."

"पुढे काही नाही, नाना. अटी आहेत."

"मग अटी वाचा."

"अट पहिली. खातेदाराने... खातेदाराने पाणी जपून वापरावे."

"पाणी?" बायको म्हणाली.

"अट दुसरी. वापर नसताना नळ..."

इतक्यात मुलगी कॉलेजातून आली. तिने पाठीवरची बॅगसुद्धा न काढता माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये बघितलं, तो हातातून काढून घेतला आणि खणखणीत आवाजात वाचलं :

"'मी एक शिस्तप्रिय मनुष्य असून बावीस वर्षे डायरी लिहितो. खेळण्यासाठी मी सात नियम केले होते व त्यांत एकतीस सुधारणा केल्या. तरीही माझा स्वतःवरील ताबा सुटला आहे, हे खेदाने नमूद करतो. टायमरचाही उपयोग झाला नाही. पत्नीच्या नव्या मशीनचे निम्मे पैसे गेले. तिने जमिनीवर खडूने मशीनची जागा आखली आहे. त्या चौकोनाजवळून जाताना पाय उचलत नाही. घरात सांगण्याचे धैर्य नाही. कृपया मेन बंद करावा.'"

तिने मोबाइल खाली घेतला. "बाबा?"

जळका वास सुटला. एका कॉलरीवर इस्त्री तशीच टेकलेली होती. बायकोने ती उचलून उभी ठेवली, कॉलर हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितली आणि बाजूला ठेवली.

"निम्मे?" ती म्हणाली.

"निम्म्याहून थोडे कमी."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"निम्म्याहून थोडे जास्त," मी म्हणालो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणं किती वाजता सुरू झालं आणि किती वाजता संपलं, हे मला लिहिता आलं असतं. ती खिडकीपाशी गेली आणि त्या चौकोनाच्या कडेला उभी राहिली. तिनेही रेघेवर पाय दिला नाही.

"दीड वर्ष," ती म्हणाली. एवढंच. त्याच्यापुढे नाडी लिहायची माझी हिंमत झाली नाही, अजूनही झालेली नाही.

आणि अशा वेळी नानांनी शिट्टी वाजवली. खरोखर. आम्ही सगळे दचकलो.

"रडायचं नाही!" ते म्हणाले. "मशीन येणार. शनिवारीच येणार. मी देणार. लेकीला आधी सांगणार नव्हतो, पण आता सांगतो. माझ्याकडे आहेत."

"तुमच्याकडे कुठून, नाना?"

नानांनी छाती पुढे काढली. "साडेचार लाख. दोन वर्षांत जिंकलेत. एकदाही हरून उठलो नाही. जावईबापू, याला म्हणतात ताबा."

काय सांगू तुम्हाला! त्या क्षणी मला त्या माणसाच्या पायावर लोटांगण घालावंसं वाटलं. साडेचार लाख! मशीन येईल, मोटर येईल, माझी लाज झाकली जाईल. मी मनातल्या मनात डायरीतलं पुढचं वाक्यसुद्धा जुळवायला घेतलं.

मुलीने पुन्हा मोबाइल उचलला. बराच वेळ बघितलं. "आजोबा, तुम्ही यात पैसे कधी भरले होते?"

"एक छदाम नाही. तेच तर म्हणतो, इतका चांगला खेळ!"

"इथे वर कोपऱ्यात 'सराव' असं लिहिलंय."

"मग? सरावाशिवाय काही येतं का?"

"आजोबा, सरावातले पैसे खोटे असतात. खेळण्यातले."

नाना हळूहळू खुर्चीत बसले. गळ्यातली शिट्टी चाचपली, पण वाजवली नाही. "सगळे?" त्यांनी विचारलं. "साडेचारच्या साडेचार?" मग लेकीकडे बघून म्हणाले, "मी तुला गुंड्या लावायचं यंत्रसुद्धा घेणार होतो गं."

तेव्हा बायकोच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू होतं की रडू, ते मला ओळखता आलं नाही. (वेळ सायंकाळी ६.४०.) तिने नानांच्या खांद्यावर हात ठेवला.

मी बुडत्याच्या आशेने तिच्याकडे वळलो. "आणि तू? तू किती हरलीस?"

तिने मशीनच्या खणातून दोन गोल डबे काढले. एकात चार गुंड्या होत्या, दुसऱ्यात सात.

"सोमवारी या डब्यात अकरा गुंड्या टाकते. इस्त्री तापेपर्यंत एक डाव. डाव झाला की एक गुंडी या डब्यातून त्या डब्यात. डबा रिकामा झाला की पुढच्या सोमवारपर्यंत हात लावायचा नाही. जातात थोडे पैसे. जाणारच. ते काय आपल्याला द्यायला बसलेत का तिथे?"

"पण मध्येच वाटलं, अजून एकच डाव, तर?"

"वाटतं की. रोज वाटतं."

"मग नियमात सुधारणा..."

"गुंडीत कसली सुधारणा करता हो?" ती म्हणाली. "तुमचे नियम तुम्हीच करणार, तुम्हीच मोडणार आणि वर सहीसुद्धा तुम्हीच करणार. गुंडी संपली की संपली. तिच्यापुढे अर्ज चालत नाही."

बावीस वर्षांच्या डायरीत मला एवढं साधं वाक्य लिहिता आलेलं नाही.

शनिवारी मशीन आलं नाही. बायकोने दुकानवाल्याला फोन करून तीन महिने थांबायला सांगितलं. उरलेले पैसे माझ्याकडून तिच्याकडे गेले, माझा मोबाइल मुलीकडे गेला, आणि मला नुसतं बोलता येईल असा एक फोन मिळाला. गणवेश मात्र थांबणार नव्हते. माळ्यावर माझ्या दिवंगत सासूबाईंचं हाताने चालवायचं मशीन होतं, उजवीकडे चाक आणि चाकाला दांडी असलेलं. नाना आणि मी ते खाली उतरवलं, तेलपाणी केलं आणि बरोबर खडूच्या चौकोनात ठेवलं. दांडी कुणी फिरवायची हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. कापड सरळ धरायला बायकोला दोन्ही हात मोकळे हवे होते, आणि चाक फिरवण्याचा ताजा अनुभव घरात मलाच होता.

आता रोज ऑफिसातून आलो की मी चौकोनात स्टुलावर बसतो आणि दांडी फिरवतो. कोपरा आला की नाना एक शिट्टी देतात, मी थांबतो. दोन शिट्ट्या दिल्या की पुन्हा सुरू. शेजारी पिवळी कोंबडी असते, वीस मिनिटं लावून. ती ओरडली की मला विश्रांती, असं पहिल्याच दिवशी ठरलं आहे. ठरलेलं मी डायरीत लिहून बायकोची सहीही घेतली. मुलगी अधूनमधून मनगट धरून बघते. "बहात्तर. बाबा, तुमची इतकी चांगली नाडी मी कधीच बघितली नव्हती."

काल सत्त्याण्णवावा गणवेश चालू होता. कोंबडी ओरडली. माझा हात खांद्यातून उखडून आला होता. मी दांडी सोडली आणि पाठ ताठ केली.

"सोडलीत का?" बायको म्हणाली.

"वीस मिनिटं झाली."

"कुठली? मध्ये दोरा तुटला, बॉबिन बदललं, चार वेळा कोपरे आले. त्या वेळात तुम्ही काय करत होता?"

"काही नाही. नुसता बसलो होतो."

"मग झालं तर." कापडाखालून माझी डायरी काढून तिने शेवटचं पान उघडलं आणि चष्मा सारखा केला. "'...वेळ वीस मिनिटांत धरू नये, कारण त्या वेळात खेळणारा काहीच करत नसतो.' नियम पहिला, दुसरी सुधारणा. खाली सही तुमचीच आहे."

नानांनी दोन शिट्ट्या दिल्या.